चुंबळीएवढी जागा

३ फेब्रुवारी २००२, रविवार

टक्कल पडलंय मला! लिहून टाकलं, म्हणजे उद्या स्वप्न होतं असं म्हणता येणार नाही.

वामन सकाळी जीप धूत होता. मी गाडीच्या बाजूच्या आरशाकडे पाठ करून उभी राहिले, हातात घरातला छोटा आरसा धरला आणि माझी वेणी मागून कशी दिसते ते बघत होते. वेणी झकास. नजर जरा वर गेली — आणि टाळूवर ही गोल जागा! बरोबर चुंबळीएवढी. हंड्याखाली चुंबळ बसते तिथेच. अगदी गुळगुळीत नाही. बोटाच्या पेराहून आखूड केस उभे आहेत, भात कापल्यावर शेतात खुंट राहतात तसे.

वामनला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, जागा आहे खरी, पण मला कधी दिसली नाही. दिसणार कशी? आमच्या जोखारहून मोखाड्याला आणि मोखाड्याहून जव्हारला जीप हाकायची, घरी आला की टायरकडे बघायचं. बायकोच्या डोक्याकडे कोण बघतंय.

आत्याला — सासूला — काही बोलले नाही. ती म्हणेल, दुसरं काम नाही का.

५ फेब्रुवारी

रात्रभर तेच डोक्यात. शब्दशः डोक्यात.

एवढं काय त्यात, असं स्वतःलाच विचारलं. शिक्षिकेची नोकरी आहे. नवरा दारू पीत नाही. सासू टाकून बोलते पण ताटात कमी वाढत नाही. या पाड्यावर यापेक्षा जास्त कुणाकडे आहे? देवाचे आभारच मानायला हवेत, आणि मानतेही.

पण खरं सांगायचं तर माझ्याकडे वळून बघावं असं एवढंच आहे. रंग सावळ्याच्या पुढचा, दात पुढे, उंची बेताची. वेणी मात्र कमरेखाली. डी.एड.ला असताना मुली माझी वेणी मोजायच्या. मला बघायला आले तेव्हा वामनच्या मावशीनं वेणी हातात घेऊन वजन केलं होतं, म्हैस घेताना शेपूट बघतात तसं. तेव्हा राग आला होता. आता तीच वेणी वरून कुरतडली जातेय, तर जीव तुटतोय.

१० फेब्रुवारी, रविवार

शेजारच्या सकूला सांगितलं. चूक केली. विहिरीवर पोहोचेपर्यंत सगळ्यांना माहीत. पण त्यातून एक कळलं — प्रत्येकीला तशी जागा आहे! कुणाची लहान, कुणाची मोठी. कुणाला काही वाटत नाही. हंडा वाहिला की होणारच, पायाला भेगा पडतात तसं. सकू म्हणाली, "तू शिकलीस म्हणून तुला दिसलं."

तरी उपाय सगळ्याजणी सांगतात. कांद्याचा रस. जास्वंदीचा पाला. अंडं. एकीनं तर मोरीतली राख सांगितली. अंडं मी डोक्याला लावणार नाही, मिळालं तर खाईन.

१२ फेब्रुवारी

कांद्याचा रस लावून शाळेत गेले. दुसरीची पोरं पहिल्या रांगेतून मागच्या रांगेत जाऊन बसली. एका मुलीनं विचारलं, बाई, आज तुमच्याकडे भाकर-कांदा होता का? मी हो म्हटलं.

आमचे हेडमास्तर तुळशीदास गुरुजी आले, दारात थबकले, दोन्ही खिडक्या उघडून गेले. असा मनुष्य वरिष्ठ मिळायला भाग्य लागतं. दुसरा कुणी असता तर वर्षभर पुरवून पुरवून हसला असता.

२० फेब्रुवारी

कांदा बंद. आता मोहाच्या बियांचं तेल. सकाळी भरपूर चोपडलं, वर चुंबळ, वर हंडा, वर कळशी, आणि चढ चढले. पहाटेच्या गारठ्यात तेल थिजलं. घरी येऊन चुंबळ काढली तर केसांना चिकटून बसलेली! ओढून काढली. चुंबळीला माझे केस, आणि डोक्याला चुंबळीचे धागे. फिटंफाट.

चुंबळ मीच केलेली आहे, जुन्या नायलॉन साडीची. गुलाबी, चकचकीत. पाड्यावर तिचं कौतुक आहे. आत्याची आपली जुन्या सुती लुगड्याची, मळकी.

२५ फेब्रुवारी

आज हंडा टाळूवर न ठेवता जरा डावीकडे ठेवून पाहिला. चढावर मान वाकडी झाली आणि सगळं पाणी पाठीवर. सकू इतकी हसली की तिचाही हंडा गेला. दोघी पुन्हा खाली उतरलो. विहीर अजून भरलेली आहे म्हणून हसू येतंय. एप्रिल-मेमध्ये कोणी हसत नाही.

२ मार्च, शनिवार

सकाळची शाळा करून वामनच्या जीपमधून जव्हारला गेले. डॉक्टरीणबाईंकडे. वाट बघत बसलेल्या बायकांची पोरं आजारी, म्हातारी माणसं आजारी, आणि मी केस घेऊन बसलेली. लाज वाटली. उठून जाणार होते, तेवढ्यात नंबर आला.

बाई वयस्कर आहेत. हसल्या नाहीत. खिडकीपाशी नेऊन बसवलं, भिंगातून टाळू बघितली, एक खुंट चिमटीत धरून ओढून पाहिला. मग म्हणाल्या, "केस वाढतायत. तुम्ही तोडताय."

मी म्हटलं, मी कुठे तोडतेय, मी तर तेल लावतेय! कधी लावता, म्हणाल्या. सकाळी. मग काय करता? पाण्याला जाते. तेव्हा मात्र हसल्या. तेल लावून वर हंडा — म्हणजे पेरणी करून लगेच वर गुरं सोडायची!

मग नीट समजावलं. इथलेही केस बाकीच्यांसारखेच येतात. जरा वर आले की ओझ्याखाली घासून तुटतात. नायलॉननं तर फारच. मुळं अजून जिवंत आहेत. पण वर्षानुवर्षं असंच चाललं की मुळंही दमतात, कातडी चकाकायला लागते, आणि मग काही उगवत नाही. मग माझ्याकडे येऊ नका, म्हणाल्या. रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या. तेल घरचं कुठलंही चालेल, पण हलक्या हातानं, आणि निजताना. वेणी सैल. आणि या उन्हाळ्यात, पाऊस लागेपर्यंत, डोक्यावर काहीही वाहायचं नाही.

मी विचारलं, मग पाणी? त्यांच्याकडे त्याची गोळी नव्हती.

३ मार्च, रविवार

सुटका झाल्यासारखं वाटतंय — आणि कोंडीही. मुळं जिवंत आहेत! हे ऐकून काल जीपमध्ये रडले. वामनला वाटलं डॉक्टरांनी काही भलतंच सांगितलं. गाडी बाजूला घेतली बिचाऱ्यानं.

गुलाबी चुंबळ उकिरड्यावर फेकली.

वामन म्हणतो, मी जीपमधून कॅन भरून आणतो. रस्ता पाड्याच्या खाली संपतो, तिथून वर कॅन कोण आणणार? आणि त्याची पहिली फेरी उजाडायच्या आत निघते, शेवटची दिवेलागणीनंतर परतते. पण आणतो म्हणाला. म्हणाला तेवढ्यानं निम्मं पोट भरलं.

४ मार्च

वामननं कॅन आणला. पाण्याला डिझेलचा वास. चहा केला, आत्यानं एक घोट घेतला, अंगणात ओतला आणि कपाळावरचा पदर जरा पुढे ओढला. ती पदर पुढे ओढते म्हणजे विषय संपला.

मग मला सगळं सांगावंच लागलं. तिनं ऐकून घेतलं. "केस काय भात हाय, राखून ठेवायला?" एवढंच म्हणाली. मी मान खाली घालून हंड्याकडे गेले, तर हंडा तिच्या हातात होता. माझाही आणि तिचाही. चुंबळ डोक्यावर ठेवली, पदरावरूनच, आणि उतार उतरायला लागली. मी मागून हाक मारली तर वळली नाही.

मी दारात उभी. काय वाटलं ते लिहिता येत नाही. राग आला असं वाटलं, मग कळलं की राग नाही.

९ मार्च

रोज तीच जाते. मी कडेवर कळशी घेऊन मागे मागे. कळशीत येतं ते किती! पण रिकाम्या हातानं चालवत नाही. विहिरीवर एकीनं टोमणा मारलाच — सुनेची वेणी आणि सासूची मान. आत्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मी मात्र दिवसभर तोच टोमणा चघळत शाळेत शिकवलं. पाढे चुकले.

१७ मार्च, रविवार

आज घरात ठिणगी पडली.

मला सकाळी सुचलं — कावड! आढ्याला टांगलेली आहे ना, सासऱ्यांच्या वेळची. बाप्ये माणसं लग्नकार्यात, घर बांधताना खांद्यावरच पाणी आणतात. डोक्याला धक्का नाही. मी स्टुलावर चढून ती खाली काढली, झटकली, दांडा खांद्यावर घेऊन बघत होते. एवढ्यात आत्या आली. तिला इतकं चिडलेलं मी लग्नापासूनच्या दोन वर्षांत पाहिलं नव्हतं.

"ठेव ती! वामन हाय अजून!"

मला कळायला एक क्षण लागला. मी जामसरची. आमच्याकडे बायका कावड घेत नाहीत, पण त्याचा एवढा अर्थ कोणी लावत नाही. इथे बाईच्या खांद्यावर कावड म्हणजे त्या घरात पुरुष उरला नाही. गेल्या साली चैतीचा नवरा गेला. दिवस झाल्यावर ती कावड घेऊन विहिरीवर आली, तेव्हा सगळ्या बायका बाजूला सरल्या आणि तिला आधी पाणी भरू दिलं. मीही तिथे होते. पाहिलं होतं, पण बघितलं नव्हतं.

कावड परत टांगली. वामनला संध्याकाळी सांगितलं तर तो हसला — मी मेलो तर कळव मला. आत्या त्याच्याशीही बोलली नाही.

२९ मार्च

काल होळी. वामनची गाडी गॅरेजात म्हणून तो दोन दिवस घरी. दोन्ही दिवस त्यानं कावडीनं पाणी आणलं, पिंपभर. विहिरीवर बायकांनी त्याची भरपूर खोडी काढली, आमच्याकडे पण ये रे म्हणाल्या. तो लाजून पाणी सांडत आला. दोन दिवस आत्या खाटेवर बसून होती, पाय लांब करून, राणीसारखी.

मोखाड्याला बोहाड्याची, मुखवट्यांच्या सोंगांची, गडबड सुरू आहे. सकू मोगऱ्याचा गजरा माळून निघाली. मीही माळला. जागा झाकली नाही, पण मला आठवलीच नाही! परत आल्यावर आठवली.

७ एप्रिल, रविवार

आले!!

आज दुपारी फणी फिरवताना टाळूवर फणी अडली. अडली म्हणजे केसांत अडली! पूर्वी तिथून फणी घसरून जायची. दोन आरसे घेतले. खुंट नाहीत आता, बारीक मऊ केस आहेत, आडवे पडतील इतके. वेडीवाकडी तोंडं केलेली आहेत, कुठेही बघतायत, पण आहेत!

धावत अंगणात गेले, आत्याला म्हटलं बघ. तिनं हात पुसले, बोट फिरवलं. तिची बोटं इतकी खरबरीत की केस त्यांना अडकतात. बराच वेळ बोट तिथेच ठेवून होती. मग म्हणाली, आले खरे.

नंतर आत जाऊन खुरासणीच्या तेलाची बाटली घेऊन आली. त्यात ओढ्याकाठचा माका उकळलेला. गुडघ्याला लावायला केलंय म्हणाली. गुडघ्याला! मला पुढ्यात बसवलं आणि तेल लावलं. आईनंतर माझ्या डोक्याला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. डोळे भरून आले. तिला दिसू नये म्हणून मी समोरच्या कोंबडीकडे बघत होते.

१४ एप्रिल

आता दर रविवारी दुपारी तेल. मी म्हटलं, आत्या, आता तू बस, मी तुला लावते. "माना राहू दे," म्हणाली. इकडे मला म्हणजे माना. पदर पुढे.

एक गोष्ट लक्षात आली. दोन वर्षांत मी आत्याचं डोकं पाहिलेलं नाही. न्हायला जाते तेव्हा कुडाला आतून गोणपाट लावते, येते ती पदर घेऊनच. पाड्यावरच्या म्हाताऱ्या कामाच्या वेळी पदर खोचून टाकतात. ही नाही. मला वाटलं, जुनी रीत असेल.

२८ एप्रिल, रविवार

विहीर तळाला गेली. वाटीनं पाणी भरायचं, रांगेत बसायचं. आत्या पहाटे जाते, ऊन वर आल्यावर येते. शाळेला सुट्टी लागेल तशी मी जाईन म्हटलं, एखादाच हंडा डोक्यावर घेईन, एका हंड्यानं काय होतंय. म्हणाली, पाऊस लागेपर्यंत म्हणाली ना तुझी डॉक्टरीण? मग पाऊस लागेपर्यंत.

ही बाई माझ्या डॉक्टरच्या शब्दाला माझ्यापेक्षा जास्त जागते. मी कुठल्या जन्मी काय केलं होतं म्हणून अशी सासू मिळाली? सकूची सासू हिला बघून रोज बोटं मोडते.

९ मे

सुट्टी. आत्याबरोबर रांगेत बसते, वाटीनं भरते, कळशी कडेवर आणते. माझे केस बोटभर झाले. वाऱ्यावर उभे राहतात. वामन मला कोंबडा म्हणतो. म्हण बाबा.

१६ मे

आत्या चढावर तीनदा टेकली. ऊन लागलंय म्हणते. जेवली नाही. मी कपाळाला हात लावायला गेले तर झटक्यात मागे सरली.

२४ मे, शुक्रवार

हे नीट लिहिलं पाहिजे.

सकाळी चढाच्या वळणावर आत्या खाली बसली. हंडे मी उतरवले. चुंबळ उचलली तर पदर तिच्यासकट वर आला, चिकटलेला, आणि ती कळवळली. माझं मनगट घट्ट धरलं.

पदरावर पिवळट-लाल डाग. आणि हातातली चुंबळ, हंड्याखाली कधी नीट दिसलीच नव्हती ती — गुलाबी! माझी. उकिरड्यावरून उचलून, धुऊन ठेवलेली. हिची लुगड्याची विरून गेली, तेव्हा काढली म्हणे. चांगली हाय, फेकायची काहाला.

घरी आणलं. मी म्हटलं, आत्या, आज मी बघणारच. पदर धरून बसली. मग काय झालं कुणास ठाऊक, हात आपोआप खाली आले तिचे.

डोक्यावर बाजूनं पांढरे केस आहेत, झालरीसारखे. मध्ये काही नाही. माझ्या तळहाताएवढी जागा, नुसती कातडी, चकाकणारी, तांब्याच्या भांड्यासारखी. आणि त्या कातडीच्या मधोमध जखम, पिकलेली.

मला वाटलं हे सगळं माझ्यामुळे. तीन महिन्यांत माझे आले आणि हिचे गेले. मी रडायला लागले. तिनं मला गप्प केलं. म्हणाली, वेडी का काय, जखम यंदाची हाय, टक्कल जुनं हाय.

मग तिनं सांगितलं. भिंतीकडे बघून. सासरे गेले तेव्हा वामन रांगतही नव्हता. दिवस झाल्यावर भावकीतल्या म्हाताऱ्यांनी कावड आणून दारात ठेवली. रीत होती. कावड घेतली असती तर विहिरीवर लोक बाजूला सरले असते, आधी पाणी मिळालं असतं, खांद्यावर वाहिलं असतं. तिनं घेतली नाही. आढ्याला टांगून ठेवली. वामन मोठा होऊन पाणी आणीपर्यंत सगळं डोक्यावर वाहिलं — घरचं, गुरांचं, आणि दुसऱ्यांच्या बांधकामाचंही, मजुरीनं.

मी विचारलं, का पण? तेव्हा म्हणाली —

"कावड घेतली असती तं पाडा बोलला असता, या घरात बाप्या नाय. वामन होता ना. झोळीत होता, पण होता."

केस आधी तुटत होते, मग विरळ झाले, मग एक दिवस फणीला काही लागेना. कुणाला दाखवायचं? तेव्हापासून पदर. वामनलाही माहीत नाही, म्हणाली. आणि माझ्या त्या बारीक केसांवर बोट ठेवून म्हणाली, तुझे बघितले तव्हा वाटलं, एकीचे तरी राहतील.

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिले. तिनं सवयीनं केसांतून बोटं फिरवली.

२५ मे

वामनला सांगितलं. सांगू नको म्हणाली होती, तरी सांगितलं. तो आत गेला, आईजवळ बसला. मग बाहेर येऊन जीपची किल्ली खुंटीला अडकवली. आज गाडी बंद. कावड काढून पाण्याला गेला. बायकांनी खोडी काढली तर आज लाजला नाही.

गुलाबी चुंबळ चुलीत घातली. नायलॉन, जळताना भयंकर वास आला. बरं वाटलं.

२७ मे, सोमवार

आत्याला जव्हारला नेलं. डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली, मलम दिलं. भरून येईल म्हणाल्या, पण या डोक्यावर आता गवताची काडीसुद्धा नको. मी हळूच विचारलं, केसांचं? त्यांनी भिंग लावून पाहिलं, खूप वेळ. मग नाही म्हणाल्या. मुळं उरली नाहीत.

मला वाटलं आत्या ऐकून खचेल. ती म्हणाली, ते माना माहीत हाय, हिचं बघा. आणि मला खिडकीपाशी ढकललं. डॉक्टरीणबाईंनी माझी टाळू पाहिली आणि शाबासकी दिली. कुणाला दिली ते दोघींनाही कळलं.

येताना आत्या जीपमध्ये पुढे बसली, वामनशेजारी. खिडकीतून वारा येत होता. पदर उडाला तो तिनं लगेच धरला नाही.

३१ मे, शुक्रवार

वामन रोज पहाटेची फेरी सोडून पाणी आणतो. जीप त्याची नाही. मालकानं दोनदा निरोप पाठवला, दुसरा ड्रायव्हर बघतो म्हणून. आत्यानं ते ऐकलं. मी म्हटलं, माझे केस बोटभर आलेत, खूप झाले, सोमवारपासून मी हंडा घेते. मनापासून म्हटलं. वेणी गेली तर गेली, जे मिळायचं ते मिळालं मला.

आत्या उठून बाहेर गेली. दुपारभर अंगणात कोयता घेऊन काहीतरी तासत बसली होती.

२ जून, रविवार

ती कावड तासत होती. दांडा वीतभर कमी केलाय, दोऱ्या आखूड केल्यात. माझ्या उंचीच्या. सकाळी तिनं स्वतःच्या हातानं ती माझ्या खांद्यावर ठेवली आणि पुढे चालायला लागली. वामन दारात उभा राहून बघत होता, किल्ली हातात घेऊन.

विहिरीवर सगळ्या बाजूला सरल्या. सकूच्या हातातली वाटी पडली. तिनं पांढऱ्या तोंडानं विचारलं, वामनला काय झालं?

आत्यानं पदर खांद्यावर घेतला. सगळ्यांसमोर, उन्हात, मान खाली वाकवून टाळू दाखवली.

"वामनला काय नाय झालं. झालं ते माना."